एचओ बॉक्सकारचं किट खऱ्या डब्याबरहुकूम करताना : ४० फुटी पोलादी डबा

सक्करदरा_बेंच

नमस्कार मंडळी. हातात १:८७ चं, म्हणजे एचओ प्रमाणातलं, अमेरिकन ४० फुटी पोलादी बॉक्सकारचं (बंद मालडब्याचं) किट आहे. अंग एका तुकड्यात ओतलेलं आहे. शिड्या आणि पकडदांड्या अंगातूनच उठवल्या आहेत, छतावरची चालफळी तेवढी वेगळी. टोकाच्या भिंतीवर ड्रेडनॉट पद्धतीच्या वळ्या (पत्र्यातले आडवे उभार), वरच्या पत्र्यावर ४ आणि खालच्यावर ५. छत आयताकृती पॅनेलचं, दार ६ फुटी यंगस्टाउन (नालीदार), अंगावर रिव्हेटच्या रांगा. रंग आणि अक्षरं कारखान्यातूनच छापून आलीत. मांडणीचं साल १९५४ ठरलं आहे. हा डबा छापलेल्या क्रमांकाच्या खऱ्या डब्याशी जुळवायचा आहे. सुरुवात कुठून करावी, काय बदलावं आणि काय सोडून द्यावं?

रिव्हेट_मोजणी

भाऊ, सुरी आताच उचलू नका. आधी एक गोष्ट पक्की करून घ्या : किटवरचा रंग हा पुरावा नसतो. एकाच साच्यातून निघालेल्या अंगावर डझनावारी रेल्वेंची अक्षरं छापतात. त्यातल्या काहींकडे तसा डबा खरंच होता, काहींकडे जवळपासचा होता आणि काहींकडे अजिबात नव्हता. म्हणून किट कोणत्या डब्याचं आहे हे अंगावरून ठरवायचं. अक्षरांमधून फक्त क्रमांक घ्यायचा.

तो क्रमांक ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टरमध्ये शोधा. वर्षातून अनेकदा निघणारं हे जाडजूड रजिस्टर. त्यात प्रत्येक रेल्वेच्या डब्यांच्या क्रमांक-मालिका आहेत आणि प्रत्येक मालिकेपुढे आतली लांबी, रुंदी, उंची, दाराची रुंदी आणि डब्यांची संख्या दिलेली असते. जुन्या अंकांच्या स्कॅन प्रती मिळतात. तुम्ही १९५३ किंवा १९५४ चा अंक बघा. १९४० च्या अंकात नंतर आलेली मालिका सापडणार नाही, आणि १९६५ च्या अंकात तोवर मोडीत निघालेली मालिका गायब असेल.

मालिका मिळाली की तिच्याच डब्याचे फोटो शोधा. शेजारच्या मालिकेचा फोटो धरू नका, कारण पुढची शंभर वॅगन दुसऱ्या कारखान्यातून आलेली असू शकते आणि तिचं छतच वेगळं निघतं.

मग तपासणी या क्रमानं : उंची, टोकं, छत, बाजूचे पत्रे, खालची पट्टी, दार. चालफळी, ब्रेकचं चाक आणि बोग्या (डब्याखालचे चाकांचे गाडे) सगळ्यात शेवटी. क्रम असा का, तर वरच्या गोष्टी बदलायला अवघड आणि खालच्या सोप्या. उंची जुळत नसेल तर पुढचं काही तपासायचीच गरज नाही.

उंचीचं गणित सरळ आहे. एचओमध्ये १ फूट म्हणजे ३.५ मि.मी. असोसिएशन ऑफ अमेरिकन रेलरोड्सच्या १९३७ च्या डिझाइनमध्ये आतली उंची १० फूट होती. युद्धानंतर १० फूट ६ इंच रूढ झाली. हा ६ इंचांचा फरक मॉडेलवर १.७५ मि.मी. भरतो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण दोन डबे शेजारी लावले की छताची रेषा तुटलेली लगेच दिसते. त्याहून मोठा फरक पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या एक्स२९ वर्गात : तिथे आतली उंची ८ फूट ७ इंच, म्हणजे तुमच्या १०-६ (१० फूट ६ इंच) किटपेक्षा जवळजवळ पावणेसात मि.मी. कमी. अशा क्रमांकाचा रंग १०-६ च्या अंगावर आला असेल तर तो रंग पुसायचा. अंग कापून ठेंगणं करू नका. १.७५ मि.मी. खालून घासलं तर दार, वळ्या, शिडीची पायरी, सगळ्यांचं प्रमाण बिघडतं.

इतवारी_७६२

टोकांबद्दल जोडतो. वळ्या मोजताना वरचा पत्रा आधी, खालचा नंतर. ४/४, ५/५ किंवा तुमच्या किटसारखी ४/५ अशी मोजणी दिसेल. युद्ध संपता संपता सुधारित ड्रेडनॉट आलं. त्यातल्या वळ्या पोळपाटावरच्या लाटण्यासारख्या मध्ये फुगीर आणि कडेला निमुळत्या असतात, आणि मोजणी ३/४ येते. त्यानंतरच्या काही डब्यांवर या वळ्यांच्या वर एक सपाट आयताकृती वळी असते, तिला आर-३-४ म्हणतात. पुलमन-स्टँडर्डचा पीएस-१ (१९४७ पासून) तर वेगळाच डबा : टोकं त्यांची स्वतःची, छतावर बो-टायसारखे उभार, अंग वेल्डिंगचं, म्हणजे रिव्हेटची रांगच नाही.

छताचं साल लक्षात ठेवा. आयताकृती पॅनेल आधीचं, १९४८ पासून तिरप्या पट्ट्यांचं पॅनेल येऊ लागलं. तुमचा क्रमांक १९५० साली बांधलेल्या मालिकेचा निघाला तर आयताकृती छतावर शंका घ्याच.

सक्करदरा_बेंच

रजिस्टर बघून राहिलो आहे. उंची १०-६ जुळली, दार ६ फूट जुळलं. फोटोत छत आयताकृतीच आहे. टोकं मात्र ३/४ सुधारित दिसतात आणि चालफळी जाळीची आहे. टोकं बदलता येतील का?

रिव्हेट_मोजणी

येतील. माझा ठोकताळा असा : टोकं किंवा छत, यातलं एकच बदलायचं असेल तर करा. दोन्ही बदलायची असतील तर दुसरं किट घ्या. दोन्ही कापल्यावर हातात फक्त दोन बाजू उरतात आणि त्या सरळ राहत नाहीत.

टोकं सुटी मिळतात, स्टायरीन प्लास्टिकची आणि रेझिनचीही. मागवताना तीन गोष्टी जुळवा : उंची, वळ्यांची मोजणी आणि कोपऱ्याचा प्रकार. चौकोनी कोपरा आणि गोलसर कोपरा एकमेकांच्या जागी बसत नाहीत, मध्ये फट राहते.

कापण्याआधी अंगाच्या आत आडवे आधार चिकटवा. २ मि.मी. जाडीच्या स्टायरीनचे दोन तुकडे, प्रत्येक टोकापासून साधारण १५ मि.मी. आत, दोन्ही बाजूंना टेकतील अशा अचूक रुंदीचे. रात्रभर सुकू द्या. हे न केल्यास टोक निघताच बाजू आत झुकतात आणि नवं टोक बसवताना त्या ताणून धराव्या लागतात. तो ताण सांध्यात राहतो आणि काही आठवड्यांनी कोपरा उघडतो.

आता कापणं. बारीक करवतीचा मोह होईल, पण एका तुकड्यातल्या अंगावर छताची कड करवतीत सापडते. त्याऐवजी टोकाच्या भिंतीच्या आतल्या बाजूनं, कोपऱ्यापासून अर्धा मि.मी. सोडून, पोलादी पट्टी धरून नव्या पात्यानं रेघ ओढा. पहिल्या दोन रेघा अगदी हलक्या, नुसती वाट पडण्यापुरत्या. पुढच्या आठ-दहा थोड्या जोरात. पात्याचं टोक बाहेरून फिकट रेषेसारखं दिसू लागलं की थांबा. भिंतीच्या मधोमध एक भोक पाडून ती चार तुकड्यांत मोडून काढा. सबंध भिंत एकदम ओढली तर छताच्या कडेचा टवका तिच्यासोबत येतो. राहिलेला अर्धा मि.मी. काचेवर ३२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर अंग उभं धरून घासा. हातात कागद धरून घासलं की कोपरे गोल होतात.

नवं टोक आधी कोरडंच बसवून उजेडाकडे धरा. उजेड आरपार आला तिथे पुन्हा घासा. पुट्टी भरून फट बुजवण्यापेक्षा हे बरं. वळ्यांच्या शेवटाला पुट्टी गेली की ती सफाईनं काढता येत नाही.

महाल_मॉडेलर

पकडदांड्यांचा भाग मी सांगते, कारण डब्याचं रूप त्यातच सगळ्यात जास्त बदलतं. उठवलेल्या दांड्या छिन्नीसारख्या सपाट पात्यानं काढा. त्याआधी दांडीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेपचे दोन थर लावा, म्हणजे पातं टेपवर टेकून चालतं आणि पत्र्यात रुतत नाही. एका झटक्यात काढू नका, दोन-तीन पापुद्र्यांत काढा. शेवटचा पापुद्रा टेप काढून घ्यायचा. दांडीच्या मुळाशी असलेले रिव्हेट शक्यतो वाचवा. गेलेच तर रिव्हेटचे डीकल (पाण्यानं सोडवून चिकटवायचे पातळ छाप) मिळतात, त्यातला एकेक कापून लावता येतो.

दांडी १८ इंची, म्हणजे मॉडेलवर ५.२५ मि.मी. तार ०.३० मि.मी. पितळी, भोक ०.३५ ते ०.४० मि.मी. भोकाची जागा सुईनं टोचून घ्या, नाहीतर ड्रिल घसरतं. वाकवण्यासाठी एक पट्टी करून ठेवा : स्टायरीनच्या तुकड्याला ५ मि.मी. पेक्षा नखभर कमी रुंदी घासून द्या आणि तार तिच्यावरून वाकवा, म्हणजे सगळ्या दांड्या एकसारख्या येतात. दांडी पत्र्यापासून साधारण १ मि.मी. बाहेर हवी. त्यासाठी बसवताना मागे १ मि.मी. स्टायरीनचा तुकडा सरकवा, आतून सुपरग्लू द्या, मग तुकडा काढा. बाहेरून ग्लू दिला तर तो पसरतो आणि रंगाखाली चकाकतो.

हे सामान नागपुरात मिळतं. इतवारीत सराफ्याच्या बाजूला सोनारकामाची हत्यारं मिळतात. तिथे हातानं फिरवायचं बारीक ड्रिल, अर्ध्या मि.मी. च्या आतले बिट, चिमटे आणि कानसी बघा. बिट डझनानं घ्या, मोडणारच. पितळी तार नसेल तर गिटारची ०.०१२ इंची पोलादी तार चालते, ०.३० मि.मी. च भरते. पण ती कडक असते, वाकवल्यावर थोडी परत उघडते, आणि पावसाळ्यात गंजते, म्हणून लगेच प्रायमर द्या. कापताना डोळ्यांना चष्मा हवाच, तिचा तुकडा उडतो.

कामठी_रोड

महाल ताई, कारखान्याच्या रंगावरच दांड्या तासल्या तर ठिगळ दिसतं ना?

महाल_मॉडेलर

दिसतं. दोन मार्ग आहेत. अक्षरं ठेवायची असतील तर त्याच रंगाच्या जवळची छटा मिसळून दांड्यांच्या जागी बारीक ब्रशनं लावा, आणि मग पूर्ण डब्यावर मळकट पातळ थर द्या. बॉक्सकार रेड म्हणून जो तपकिरी येतो त्याच्या प्रत्येक रेल्वेच्या छटा वेगळ्या आणि उन्हात उतरणाऱ्या, त्यामुळे थोडा फरक खपतो.

अक्षरं जाणारच असतील, म्हणजे क्रमांकच बदलायचा असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोन-तीन तास बुडवून जुन्या टूथब्रशनं रंग काढा. आधी अंगाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून तासभर बघा. प्लास्टिक पांढरं पडलं किंवा चिकट झालं तर पुढे जाऊ नका. ब्रेक ऑइल वापरू नका, पातळ भाग त्यानं ठिसूळ होतात.

इतवारी_७६२

दार आणि चालफळी लवकर सांगून टाकतो. यंगस्टाउन दार नालीदार, सुपीरियर दार पट्ट्यांनी चौकटीत विभागलेलं. ६ फुटी दार २१ मि.मी., ७ फुटी २४.५ मि.मी. अंगातलं दार तासून सुटं दार लावताना ते मागून घासून पातळ करा, नाहीतर ते पत्र्यापासून फार बाहेर येतं आणि वरची रूळपट्टी तिरपी बसते.

जाळीची चालफळी कोरीव धातूची आणि प्लास्टिकची, दोन्ही मिळते. १९५४ ला दोन्ही प्रकारचे डबे धावत होते, जुने लाकडी फळीचे आणि युद्धोत्तर जाळीचे, म्हणून इथे फक्त फोटोवर चाला. धातूची असेल तर सुपरग्लू नको. उन्हाळ्यात प्लास्टिक आणि धातू वेगवेगळे फुगतात आणि सुपरग्लूचा सांधा टचकन सुटतो. कॅनोपी ग्लू किंवा पातळ काँटॅक्ट सिमेंट लवचीक राहतं. टोकांवर फळी भिंतीच्या बाहेर येते, तिथे खालून दोन आधार-कोन लागतात. किटमध्ये ते बहुधा नसतात, ०.२५ × ०.७५ मि.मी. पट्टीतून करा.

अजनी_साइडिंग

खालच्या बाजूचं काम सोडू नका. १९५४ साल तुमच्या सोयीचं आहे. जुने के प्रकारचे ब्रेक १९५३ नंतर इतर रेल्वेंवर चालवायला बंदी होती. म्हणून डब्याखाली एबी ब्रेक हवेत : टाकी, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर, तिन्ही वेगवेगळे. किटमध्ये हे तिन्ही एकाच पट्टीवर ओतलेले असतील तर ती पट्टी कापून सुटा संच लावा. जोडणाऱ्या नळ्या ०.३ ते ०.५ मि.मी. तारेच्या. सिलिंडरमधून निघणारा दांडा, त्यावरचे दोन तरफ आणि हातब्रेकची साखळी ब्रेकच्या चाकाकडे, म्हणजे बी टोकाकडे, जायला हवी. हे उलटं लागलेलं पुष्कळदा दिसतं.

बोग्या : कमानपट्टीच्या, ज्यांना आर्च बार म्हणतात, त्या १९४० पासून अदलाबदलीच्या, म्हणजे इतर रेल्वेंवर जाणाऱ्या, वाहतुकीतून बाद झाल्या होत्या, तुम्हाला नकोत. ओतीव बाजूच्या, साध्या बेअरिंगच्या, ५ फूट ६ इंच आसांतराच्या (दोन आसांमधल्या अंतराच्या), म्हणजे १९.२५ मि.मी. च्या घ्या. चाकं ३३ इंची, सुमारे ९.६ मि.मी., धातूची.

कपलरची (डबे जोडणाऱ्या आकड्याची) पेटी प्लास्टिकच्या खुंटीवर असेल तर ती खुंटी काढून स्क्रू घाला. पुस्तकात २-५६ स्क्रू लिहिलेला असतो. त्याऐवजी एम२ घ्या. भोक १.६ मि.मी., त्यात आटे पाडा. एम२ कुठल्याही हार्डवेअर गल्लीत मिळतो. कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून ९.९ मि.मी. वर हवा. बोगी बदलली की ही उंची बदलते, आणि दुसऱ्या डब्याचा कपलर वर-खाली होऊन चढावर सुटतो. कमी पडली तर बोगी आणि अंग यांच्या मध्ये पाव मि.मी. चा वॉशर. जास्त झाली तर अंडरफ्रेमवरची बोगीची बैठक घासा, पण दोन्ही टोकांना सारखीच.

वजन : अमेरिकन मॉडेल रेलरोड संघटनेची शिफारस एचओसाठी १ औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस अशी आहे. या डब्याला साधारण ११० ग्रॅम बसतं. एकूण वजन बोग्यांसकट मोजा. शिसं घालायचं असेल तर एपॉक्सी किंवा सुपरग्लूनं चिकटवा. लाकडाच्या पांढऱ्या गोंदानं नको. त्यातून निघणारं आम्ल बंद डब्यात शिशाला खातं, पांढरी भुकटी फुगत जाते आणि अंगाचे सांधे उसवतात. वर्षभर काही दिसत नाही, म्हणून लोक फसतात. लोखंडी नट वापरले तर ही भीतीच नाही, मात्र ते अनकप्लिंगच्या (कपलर सोडवणाऱ्या) चुंबकापासून लांब ठेवा.

कामठी_रोड

रंग देताना नागपूरचं हवामान मध्ये येतं, त्यावर थोडं. एप्रिल-मे मध्ये अॅक्रिलिक एअरब्रशच्या टोकावरच सुकतं आणि पृष्ठभागावर वाळूसारखं बसतं. रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रावण) घाला, दाब कमी करा, फवारणी सकाळी आठच्या आत. लॅकर मारणार असाल तर कूलर बंद ठेवा. कूलरच्या ओल्या हवेत लॅकरवर पांढरट धुकं बसतं. पाऊस सुरू असतानाही तेच. धुकं आलंच तर कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा अगदी हलका फवारा दिला की बहुतेक वेळा जातं. तासलेलं अंग किंवा रेझिनची टोकं उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवू नका, पातळ भाग वाकतात. सुपरग्लूही उन्हाळ्यात जाग्यावर लवकर पकडतो, तेव्हा तुकडा आधी बसवा आणि ग्लू सुईच्या टोकानं नंतर सोडा.

सक्करदरा_बेंच

हे सगळं लिहून घेतलं. एक वेगळी शंका : दुसरं असंच किट पडलं आहे. त्याचा बीसीएनएचएल, म्हणजे आपल्या रेल्वेचा बंद मालडबा, करता येईल का? अजनीकडे ते रोज दिसतात.

अजनी_साइडिंग

कापून करू नका, आकडे बघा. बीसीएनएचएल हेडस्टॉकपासून (सांगाड्याच्या टोकाच्या आडव्या तुळईपासून) हेडस्टॉकपर्यंत १०,०३४ मि.मी., मॉडेलवर ११५.२ मि.मी. ४० फुटी किट आतूनच १४१.७, म्हणजे २६ मि.मी. हून जास्त कापा. तेही जमेल, पण रुंदी ३,४५० मि.मी., मॉडेलवर ३९.६, आणि किट जेमतेम ३५. म्हणजे अंग उभंही चिरून रुंद करावं लागेल. त्याखालच्या कॅसनब जातीच्या बोगीचं आसांतर २,००० मि.मी., मॉडेलवर २३ मि.मी., आणि नवं चाक १,००० मि.मी., म्हणजे ११.५. किटमधलं काहीच उपयोगी पडत नाही. पत्र्यापासून, म्हणजे १ मि.मी. स्टायरीनपासून, अंग बांधा. वेळ कमी लागेल आणि सरळ होईल. बीसीएनए, आपलाच दुसरा लांब बंद मालडबा, मात्र ५० फुटी किटपासून विचारात घेता येतो, कारण हेडस्टॉकमधलं अंतर १३,५२१ मि.मी., मॉडेलवर १५५ होतं. त्यातही टोकं आणि दारं नवीच.

गेजचा प्रश्न उरतोच. आपला ब्रॉडगेज १,६७६ मि.मी., १:८७ ला १९.२ यायला हवा. एचओ रूळ १६.५ मि.मी. चा. बाजूनं बघताना हे कळत नाही, समोरून कळतं.

इतवारी_७६२

भारतीय करायचंच असेल तर आपल्या नॅरोगेजकडे बघा. ७६२ मि.मी. १:८७ ला ८.७५ येतं आणि एन गेजचा रूळ ९ मि.मी. फरक पाव मि.मी. चा. ब्रॉडगेजपेक्षा हे गणित किती तरी चांगलं बसतं. मोतीबागच्या नॅरोगेज रेल संग्रहालयात, जे २००२ मध्ये उघडलं, खऱ्या डब्यांशेजारी उभं राहून बघता येतं. टेप न्यायची असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारूनच माप घ्या. फोटो काढताना डब्याच्या मध्यासमोर, शक्य तितकं लांब उभं राहून, झूम करून काढा. जवळून काढलेल्या फोटोत टोकं लहान दिसतात आणि त्यावरून काढलेलं माप चुकतं. फ्रेममध्ये एक मीटरची पट्टी ठेवा.

रिव्हेट_मोजणी

सक्करदरा भाऊ, मूळ डब्याचं शेवटचं राहिलं : अक्षरं. पांढरी डीकल घरच्या इंकजेटवर येत नाहीत, कारण त्यात पांढरी शाईच नसते. तयार संच घ्या. आधी ग्लॉस, मग डीकल, मग मऊ करणारं द्रावण. ते द्रावण पडल्यावर डीकल सुरकुतते, घाबरून हात लावू नका, सुकताना ती रिव्हेटवर बसते. बुडबुडा राहिला तर सुईनं टोचून पुन्हा एक थेंब.

बांधणीची तारीख आणि पुनर्वजनाची तारीख वेगळ्या. पुनर्वजन झालेल्या डब्यावर रिकामं वजन, भारमर्यादा आणि त्यांच्या बाजूचं ठिकाणाचं संक्षिप्त नाव व महिना-वर्ष नव्यानं रंगवलेलं असतं, त्या भागाखालचा रंग ताजा आणि गडद दिसतो. तुमच्या १९५४ च्या डब्यावर १९५५ ची तारीख आली तर सगळी मेहनत तिथेच अडते. रंगीत पट्ट्यांची एसीआय (डबा आपोआप ओळखण्याची) पाटी १९६७ पासूनची आणि चाकतपासणीचा ठिपका १९७८ चा. संचात ते आले असतील तर कापून बाजूला ठेवा.

सक्करदरा_बेंच

टोकांची ऑर्डर दिली : १०-६, ३/४, गोलसर कोपरा. तोवर दांड्या तासायला घेतो. आतले आधार १५ मि.मी. वर घातले तर बोगीच्या बैठकीचा स्क्रू त्यांना लागेल का?

रिव्हेट_मोजणी

लागू शकतो. अंडरफ्रेम आधी कोरडी बसवून स्क्रूची जागा आत पेन्सिलनं उमटवा. आधार त्या खुणेपासून ३ मि.मी. तरी टोकाच्या बाजूला सरकवा, आणि छताला चिकटलेले ठेवा, खाली मजल्यापर्यंत आणू नका. वजनाला तीच जागा लागणार आहे.